लोटून ठेवलेलं दार

मालनला दुपारी अजून भोंगा ऐकू येतो. परळ-लालबागात आता भोंगा वाजवायला गिरणी उरलेली नाही, हे तिलाही ठाऊक आहे; ती काही खुळी नाही. पण ऐकू येतो त्याला ती तरी काय करणार? जरा डोळा लागला की कुठून तरी तो लांबलचक हंबरतो, आणि ही धडपडत उठते, पदर खोचते, ओट्याशी जाते. दुसऱ्या पाळीची माणसं येतील, भात उतरवायला हवा, माशांचं सार अजून उकळलं नाही. मग ओट्यावरचा मिक्सर दिसतो, सुनेचा चकचकीत गॅस दिसतो, आणि मालन स्वतःशीच हसते. आलीच आहे उठून तर चहा टाकू या, म्हणते.

हे घर भाड्याचं. लालबागची चाळ बिल्डरने रिकामी केली, तेव्हापासून मालन, तिचे यजमान महादेव आणि सून अंबिका परळच्या या उंच इमारतीत राहतात. मुलगा आनंदा मस्कतला नोकरीला. खिडकीतून बंद गिरणीचं एक धुराडं दिसतं. धूर नसलेलं धुराडं किती बारीक दिसतं, हे मालनला इथं आल्यावर कळलं. सकाळच्या धुक्यात त्याचा बुडखा नाहीसा होतो आणि वरचं टोक तेवढं तरंगत राहतं. ती चहा पीत त्याच्याकडे बघत बसते. तिचा असा पुष्कळ वेळ जातो, आणि गेला तर गेला, आता कोणाला पाळी गाठायची आहे?

एके काळी मात्र या बाईला श्वास घ्यायला सवड नव्हती. पेंडवळ गावातून लग्न होऊन ती लालबागला आली ती थेट चुलीपुढेच. तिच्या खोलीपासून दोन दारं सोडून गावाची खोली होती. कोकणातल्या कितीतरी गावांची अशी खोली गिरणगावात असायची, तशी ही पेंडवळची. भिंतीला लागून ट्रंका, वर दोरीवर वळकट्या, आणि समोर देव रवळनाथाची तसबीर. पहिल्या पाळीचा उठला की त्याच जागी तिसऱ्या पाळीचा आडवा व्हायचा, जागा काही थंड होत नसे. ही सगळी माणसं मालनच्या खानावळीत जेवायची. त्यात चार धोंडू होते. नुसती 'धोंडू' अशी हाक मारली तर चौघंही ताटं घेऊन उभे राहायचे, म्हणून नावापुढे वाडी लावायची. खालच्या वाडीचा धोंडू, देवळाकडचा धोंडू. नाव आणि घर मिळून माणूस पुरा व्हायचा.

आणि दत्तू. महादेवाचा धाकटा भाऊ, मालनचा दीर. ती आली तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. वहिनीने दिराला वाढवलं असं म्हणतात ना, ते तिनं खरोखरच केलं. पुढे तो साचे खात्यात लागला, मागावर. साच्यांच्या त्या खडखडाटात माणसं ओठ हलवून आणि हातवारे करून बोलत. दोन-चार वर्षांतच दत्तूचे कान गेले. बाकी कशात त्याचं अडलं नाही. अडायचं ते गाऱ्हाण्याला.

सव्वीस जानेवारीला सगळ्या गिरणगावाला सुटी. त्या दिवशी गावाच्या खोलीत सत्यनारायणाची पूजा असे, आणि पूजेनंतर रवळनाथाला गाऱ्हाणं. गाऱ्हाणं घालणारा एकटाच मोठ्यानं देवाला साकडं घालतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळ्या गावाने एका सुरात 'होय महाराजा' म्हणायचं. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. एकट्याचं ते नुसतं बोलणं, गाव होय म्हणाला की ते गाऱ्हाणं. पेंडवळचं गाऱ्हाणं महादेव घालायचा. आवाज असा की खालच्या मजल्यावर भांडी थरथरावीत. दत्तू त्याच्या उजव्या हाताला बसे. त्याला ऐकू येत नसे, मग महादेव हात जोडलेले ठेवूनच त्याला कोपर ढोसायचा. कोपर लागलं की दत्तू 'होय महाराजा' म्हणायचा. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर एकटाच, मागाहून. पोरं फिदीफिदी हसायची. महादेव मात्र त्याच्यासाठी थांबायचा. दत्तूचा होकार आल्याशिवाय त्याने पुढचं वाक्य कधी उचललं नाही. मालन दारात बसून बघायची आणि तिला वाटायचं, देवाला ऐकू जात असेल तर हा मागाहून येणारा एकटा आवाजच जात असेल.

मग संप आला.

संपाबद्दल लोक मोर्चे सांगतात, भाषणं सांगतात. मालनला आठवते ती शांतता. भोंगा बंद पडला आणि लोकांना वेळच कळेना. रस्त्यावर ऊन पडायचं पण दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे. दोरीवरच्या वळकट्या एकेक करून खाली उतरल्या आणि गावाला गेल्या. खोली रिकामी झाली, पण तिच्या खानावळीचं दार काही बंद झालं नाही. कारण आता तिथून सांगावे जायचे. कुणाच्या हातात कागद नाही, कुठं कचेरी नाही. एसटीला जाणारा माणूस जेवायला आला की मालन विचारायची, "खंयसर जातलंस? वाटेत अमकं गाव लागतलां काय?" आणि त्याच्या हाती निरोप द्यायची. तो फाट्यावरच्या चहावाल्याला सांगायचा, तो दुधवाल्याला, आणि निरोप घराच्या पडवीत पोचायचा. एक खानावळ बंद पडली तर दुसरीतून जायचा. कोणी मालक नव्हतं या सगळ्याचं, म्हणूनच ते कुणाला बंदही पाडता आलं नाही. खोट्या आवयाही उठायच्या, संप मिटला म्हणून. तेव्हा सांगाव्याबरोबर खूण द्यायची रीत पडली. सांगणाऱ्याने आधी खूण सांगायची, परसातल्या वाकड्या फणसाची, नाहीतर मोडक्या जात्याची, घरच्यांनाच ठाऊक असलेली. खूण पटली तर निरोप खरा.

दुसऱ्या वर्षी दत्तूची मुलगी गावाला तापाने फणफणली. सरोजिनी तिचं नाव, पाळण्यातली पोर. घरात औषधाला काही नाही. दत्तू एका सकाळी उठला, कुणाशी न बोलता गिरणीच्या फाटकातून आत गेला आणि मागावर उभा राहिला. संप चालू असताना. संध्याकाळपर्यंत साऱ्या लालबागला कळलं. महादेव युनियनचा कट्टर माणूस. सख्खा भाऊ आत गेला म्हटल्यावर तो काय तोंड दाखवणार? कोणी सांगायच्या आत त्याने स्वतःच दत्तूची ट्रंक उचलली आणि गावाच्या खोलीबाहेर ठेवली. दार लावलं, कडी घातली. मालनने ती कडी ऐकली. दत्तूला काही ती ऐकू आली नसणार. तो ट्रंक खांद्यावर घेऊन मालनच्या दारात आला आणि जाताना आपल्याकडे म्हणतात तसंच म्हणाला, "वयनी, येतंय."

येतंय म्हणाला आणि गेला सुरतेला. तिथंच मागावर लागला, बायको-मुलीला नेलं, तिथंच म्हातारा झाला. घरात सुरत हा शब्द बंद झाला. साड्यांचा विषय निघाला तरी महादेव उठून गॅलरीत जायचा. आणि आणखी एक झालं, जे मालनशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही. गाऱ्हाण्यात एक वाक्य पहिल्यापासून होतं: जो कोणी वाटेला चुकला असेल त्याला घराला आण. त्या वर्षापासून महादेवाने ते वाक्य गाळलं. दरवर्षी गाऱ्हाणं त्या जागेपाशी आलं की मालन मान वर करायची, आणि दरवर्षी महादेव ते ओलांडून पुढे जायचा.

संप कधी मिटला म्हणाल, तर तो मिटलाच नाही. विरला. गिरण्या गेल्या, काचेच्या इमारती आल्या, पेंडवळची माणसं विरार, डोंबिवली, बदलापूर अशी पांगली. तरी सव्वीस जानेवारीला खोली भरायची. मग चाळ गेली आणि तीही गेली.

उरला फोनवरचा ग्रुप. मंडळाचा सेक्रेटरी हेरंब, गिरणीचं तोंडही न पाहिलेला पण मिशीला पीळ असलेला माणूस, त्याचा कारभारी. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, सगळं त्याच्या अंगठ्याखाली. गेल्या वर्षी सरोजिनीने कुठून तरी मालनचा नंबर शोधून काढला. तीच पाळण्यातली पोर, आता चाळिशी ओलांडलेली. म्हणाली, काकी, बाबा थकले आहेत. काही मागत नाहीत. सव्वीस जानेवारी आली की मात्र नवा सदरा घालून बसतात, दिवसभर, कुणाशी बोलत नाहीत. मालनला हुंदका आवरेना. तिनं हेरंबाला गोड बोलून सरोजिनीला ग्रुपात घ्यायला लावलं. महादेवाला कळलं. तो हेरंबाशी फोनवर दोनच शब्द बोलला आणि सरोजिनी ग्रुपातून नाहीशी झाली. नुसती एक बारीक ओळ आली, अमुक यांना काढले. मालनला पुन्हा ती कडी ऐकू आली. त्या दिवशी ती महादेवाशी बोलली नाही, आणि जेवायला वाढलं तेही ताट आपटून. पुढे खोलीच्या जागेवरून ग्रुपात भांडण जुंपलं, तेव्हा हेरंबाने सगळ्यांचीच तोंडं बंद केली. बोलेल तो फक्त कारभारी, बाकीच्यांनी वाचावं.

आता आली का पंचाईत! सव्वीस जानेवारी तोंडावर, खोली नाही, परळच्या या घरात दहा माणसं मावायची मारामार. गाऱ्हाणं फोनवरून घालावं असं ठरलं, पण ज्या ग्रुपात एकच माणूस बोलू शकतो तिथं गाव होय म्हणणार कसा? महादेव दिवसभर येरझाऱ्या घालत होता. तो ऐंशीच्या घरात, आवाजाला कंप सुटलेला. हे गाऱ्हाणं आपलं शेवटचं, असं तो बोलला नाही, पण मालनला त्याच्या पाठीवरून कळत होतं. आणि शेवटचंच असेल तर त्यात दत्तूचा होकार हवा, एवढं तिच्या मनात पक्कं बसलं. दुसरं काही नको. एकदा, त्याचा तो मागाहून येणारा होकार.

वाट काढली अंबिकाने. ही दादरच्या एका कॉलेजात संगणक विभागात कामाला, स्वभावाने शांत, आणि सासूवर जीव असलेली. ती म्हणाली, आई, एक मोकळं जाळं आहे. ते कुठल्या एका कंपनीचं नाही. ज्याला हवं त्याने त्यात आपलं घर बांधावं, नसेल जमत तर दुसऱ्याच्या घरात जागा घ्यावी, आणि ही सगळी घरं आपसात बोलतात. पत्त्यात आधी माणसाचं नाव, मग घराचं. फोनवर दिसतं ती नुसती खिडकी. आवडेल ती खिडकी लावा, घर तेच राहतं. एका घराची वीज गेली तरी बाकीची बोलत राहतात, आणि वीज आली की तोवरचे निरोप आपसूक भरून येतात.

मालन मटार सोलत होती. ती म्हणाली, मग हा आमचा सांगावाच की गो. अंबिका हसली आणि होय म्हणाली, आई, तुमचाच.

तिने एक लहानशी काळी डबी आणली आणि फ्रिजवर, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. त्या डबीत पेंडवळचं नवं घर, आणि त्या घरात सगळ्यांनी जमायची एक खोली; माणूस जाळ्यातल्या कुठल्याही घरातला असो, त्याने इथं येऊन बसावं. डबीला एक हिरवा दिवा होता. दुपारी घर निजलं की मालन खुर्ची ओढून त्या दिव्यापुढे बसायची. तो लुकलुकायचा, आणि अर्धवट झोपेत तिला वाटायचं, दोरीवरच्या वळकट्या एकेक करून परत येताहेत, आत जागा होते आहे, कुणीतरी ट्रंक सरकवून कुणाला तरी बसायला सांगतं आहे.

गावाला मात्र या खोलीत आणायचं म्हणजे काय खायचं काम होतं? अंबिका रोज संध्याकाळी फोन लावून एकेकाला समजावायची. आधी घर निवडा, मग नाव घाला. विरारच्या कुणी कुठलं घर निवडलं, डोंबिवलीच्या कुणी कुठलं. एक जण तर म्हणे जर्मनीतल्या घरात राहायला गेला, भाडं नाही म्हणून. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग अंबिकाने खोलीत कोण कोण आलं ते उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

सगळेच रवळनाथ होते.

झालं होतं असं, की पेंडवळचा माणूस कागदावर पहिली ओळ कधी स्वतःची लिहीत नाही. लग्नपत्रिका असो, अर्ज असो, नाहीतर वाण्याची यादी, वर आधी देवाचं नाव, मग आपलं. फोनवर पहिली चौकट आली, सगळ्यात वर. प्रत्येकाने आपापल्या घरी बसून, कुणी कुणाला न विचारता, त्या चौकटीत रवळनाथ लिहिलं. खाली स्वतःचं नाव लिहायला दुसरी चौकट येईल म्हणून वाट पाहिली. ती काही आली नाही. घरं वेगवेगळी असल्यामुळे कुणाला अडवलंही नाही. प्रत्येक घरात एकेक रवळनाथ सुखाने मावला. अडली ती एकटी गुणवंती. ती विरारच्या ज्या घरात गेली तिथं आधीच एक रवळनाथ राहत होता, आणि फोन म्हणाला, रवळनाथ-दोन चालेल का? ही म्हातारी भडकली. देव काय दोन असतात, असं त्या फोनलाच विचारून तिने ते घर सोडलं आणि दुसरं धरलं.

अंबिकाने महादेवाला सांगितलं, बाबा, नावं बदलता येतात, मी सगळ्यांना शिकवते. महादेव स्वतःही रवळनाथच होता. तो चष्मा काढून म्हणाला, "लिवलेला देवाचा नाव पुसूचा कसा? रवांदे तसाच."

झालं, विषय संपला. खोलीत सगळे रवळनाथ, आणि कोण बोलतंय हे आवाजावरून ओळखायचं.

मालनने त्या संध्याकाळी अंबिकाला हळूच विचारलं, या खोलीची किल्ली कुणाकडे? अंबिका म्हणाली, सध्या माझ्याकडे. दार बंद केलं तर बोलावलेलेच येतील, उघडं ठेवलं तर पत्ता माहीत असलेला कुणीही. मालन म्हणाली, "दार नुसता लोटून ठेव गो. कडी घालू नको."

अंबिकाने सासूकडे पाहिलं. तिला सुरतेची सगळी हकीकत ठाऊक होती. तिने विचारलं एवढंच, की बाबांना कळलं तर? मालन म्हणाली, कळलं तर कळलं, त्यांचं ताट मी अजून एकदा आपटीन.

मग मालनने सांगावा पाठवला. सुरतेला फोन करून सरोजिनीला पत्ता दिला. अंबिकाने दोघींना खूण पटवायला लावली. या जाळ्यात तशी रीतच आहे, दोन्ही फोनांवर सारखीच चित्रं उमटतात, ती एकमेकींना वाचून दाखवायची, जुळली तर समोरचा माणूस खरा. मालन वाचत गेली, छत्री, मासा, घंटा, झाड. पलीकडून सरोजिनी प्रत्येकाला हो म्हणत गेली. शेवटचं चित्रही जुळलं. तिला वाटलं आपण चुलीपुढे आहोत, बाहेर एसटीचा माणूस ताटकळला आहे, आणि फणसाची खूण पटली आहे. सरोजिनी म्हणाली, काकी, बाबांना कोपर मी ढोसेन; ते विचारतात, वरच्या चौकटीत देवाचंच नाव ना? मालन म्हणाली, आणि दुसरं कुणाचं.

सव्वीस जानेवारीला घर फुलांच्या वासाने भरलं. पूजा आटोपली. खिडकीतून धुराड्याचं टोक दिसत होतं आणि खालचं शहर धुक्यातून अजून बाहेर यायचं होतं. तसबिरीपुढे अंबिकाने फोन उभा केला. एकेक रवळनाथ खोलीत येऊ लागला. कुणाच्या मागे कुकरची शिट्टी, कुणाची नात रडतेय. महादेव पाटावर बसला. त्याच्या उजव्या हाताची जागा रिकामी होती. तिथं तो कुणाला बसू देत नसे, आणि का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मालन दाराशी बसली. किती रवळनाथ आले हे तिने मोजलं नाही, तिला भीती वाटली.

महादेवाने हात जोडले. "बा देवा रवळनाथा!"

"होय महाराजा," फोनमधून गाव म्हणाला. सगळ्यांचं एका वेळी नाही, जरा विस्कटलेलं, पण म्हणाला.

"आज सगळो पेंडवळ गाव तुझ्या पायाकडे गोळा झालो हा."

"होय महाराजा."

आणि मग, सगळे गप्प झाल्यावर, एकट्याचा आवाज आला. खरबरीत, म्हातारा, आपला आवाज किती मोठा आहे हे न कळणाऱ्याचा. "होय महाराजा."

कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, नेट अडकतंय बहुतेक. अंबिकानेही बटण बघायला हात पुढे केला. मालनने तो हात मनगटाशी धरला. तिने महादेवाकडे पाहिलं.

महादेव थांबला होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ उघडे आणि पुढचं वाक्य कुठंच नाही. फोनमधला गाव चुळबुळ करू लागला. हेरंब कुठल्यातरी रवळनाथाच्या नावाने म्हणाला, काका, आवाज येतोय का आमचा? मालनला वाटलं आता महादेव उठणार, गॅलरीत जाणार, आणि आपल्याच हाताने आपण शेवटचं गाऱ्हाणं मोडलं. तिने देवाकडे पाहायचंही टाळलं.

मग महादेव बोलला. आवाजातला कंप तसाच होता, पण शब्द सावकाश, एकेक पाऊल टाकत आले. "जो कोण वाटेक चुकलो आसात, आणि ज्येका आमी वाट चुकवली आसात... त्येका घराक आण रे महाराजा."

पेंडवळच्या तरुणांनी हे वाक्य कधी ऐकलंच नव्हतं. जुन्यांनी ऐकलं होतं, आणि आमी वाट चुकवली हे त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. गुणवंतीचा आवाज आधी आला, आणि तिच्या पाठोपाठ सगळ्यांचा. "होय महाराजा."

आणि मालनने पाहिलं, हात जोडलेलेच ठेवून महादेवाने उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेत कोपर ढोसलं.

"होय महाराजा," सुरतेहून दत्तू म्हणाला.

पुढचं गाऱ्हाणं मालनला नीट आठवत नाही. प्रत्येक वाक्याला गाव होय म्हणत होता, मग एकटा म्हणत होता, आणि महादेव प्रत्येक वेळी थांबत होता. आता कुणी नेटला नावं ठेवत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पदर तोंडाशी धरायचंही तिला सुचलं नाही. खिडकीत धुकं विरून धुराडं बुडख्यापर्यंत दिसू लागलं होतं.

नारळ फुटला. अंबिकाने शिऱ्याचे द्रोण भरायला घेतले. रवळनाथ एकेक करून निरोप घेणार इतक्यात महादेव फोनकडे वाकला. खाकरला. संपाच्या दिवसांत मालन खानावळीत येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची ती चाल त्याने उचलली, पण जो शब्द त्या घरात इतकी वर्षं कुणी काढला नव्हता, तो घालून.

"सुरतेक कोण जातलो काय रे? प्रसाद धाडूचो आसा."